प्रवाळाची भूक किती?

सॉलोमन बेटांच्या समुद्रात 2024 साली एक प्रवाळ सापडलं. 34 मीटर रुंद, 32 मीटर लांब, साडेपाच मीटर उंच. म्हणजे निळ्या देवमाशाहूनही मोठं. पॅव्होना क्लॅव्हस जातीच्या या एकाच वसाहतीत जवळपास 100 कोटी पॉलिप, म्हणजे वसाहत घडवणारे इवले जीव, असावेत. एवढा पसारा जगवायला किती ऊर्जा लागत असेल?

प्राण्यांसाठी मॅक्स क्लायबर यांनी 1932 साली एक सूत्र मांडलं. वजन सोळापट वाढलं, तर ऊर्जेची गरज साधारण आठपटच वाढते. थोराड प्राणी वजनाच्या मानानं कमी खातो.

प्रवाळ मात्र हत्तीसारखं वाढत नाही. त्याचा पॉलिप मोठा होत नाही, शेजारी दुसरा तयार होतो. खालचा चुन्याचा ढीग निर्जीव. जिवंत थर वरचा, तोही काही मिलिमीटरचा. मग दुप्पट पॉलिपांना दुप्पट प्राणवायू, असा सरळ हिशेब लागायला हवा.

तो लागतोच असं नाही. मोजणी अशी होते: प्रवाळ बंद भांड्यात ठेवायचं, पाणी ढवळत ठेवायचं आणि दिवा बंद करायचा. उजेड असला की पॉलिपांच्या पेशींत राहणारी शैवालं प्राणवायू सोडतात आणि आकडा फसवा येतो. अंधारात पाण्यातला प्राणवायू ज्या वेगानं घटतो, तो श्वसनाचा दर. व्होल्मर आणि एडमंड्स यांनी 2000 साली सायडरॅस्ट्रिया सायडेरिया या कॅरिबियन प्रवाळाच्या लहान वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतही इवल्या वसाहतींचा श्वसनदर, आकाराच्या मानानं, जास्त निघाला.

यामागचं एक कारण पाण्यात आहे. प्रवाळाला चिकटून संथ पाण्याचा पातळ थर असतो आणि प्राणवायूला त्यातूनच झिरपावं लागतं. वसाहत मोठी झाली की हा थर जाड होऊ शकतो, देवाणघेवाण मंदावते. 1998 साली ओकिनावाजवळच्या सेसोको बेटाभोवतीचं पाणी तापलं, तेव्हा फांद्यांची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर मेली, पण कोवळी, लहान प्रवाळं बरीच तगली. उष्णतेनं प्रवाळात तयार होणारी घातक द्रव्यं लहान अंगावरून चटकन धुऊन जातात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

फ्लोरिडातल्या मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांनी लहानपणाचा हा जोर कामाला लावला, ही फार मोलाची गोष्ट आहे. मंद वाढणारं प्रवाळ करवतीनं सेंटिमीटरभर तुकड्यांत कापायचं आणि चकत्यांवर चिकटवायचं. जखम भरण्याच्या ओढीनं तुकडे झपाट्यानं पसरतात. एकाच वसाहतीचे असल्यानं पुढे एकमेकांत मिसळतातही. अशी 2015 साली लावलेली काही प्रवाळं 2020 मध्ये अंडी आणि शुक्राणू सोडताना दिसली.