कोंबडीच्या खाद्यात अळ्यांची कुटी : मांसावर काय परिणाम?

उसाचे बिल हाती येईपर्यंत घरखर्च भागावा म्हणून आपल्या बऱ्याच सभासद बंधू-भगिनींनी कोंबड्या पाळल्या आहेत. या धंद्यात रुपयातले साठ-सत्तर पैसे खाद्यातच जातात. सोयापेंड महागली की हिशेब कोलमडलाच म्हणून समजा. त्यामुळे ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या वाळवलेल्या अळ्यांच्या कुटीकडे आता लक्ष वळू लागले आहे. युरोपात २०२१ सालापासून कोंबडीखाद्यात तिला परवानगी आहे.

अळ्या म्हटल्या की नाक मुरडू नका. गावरान कोंबडी उकिरड्यावर दुसरे काय शोधते? आणि ही माशी घरमाशीसारखी ताटावर घोंगावत नाही, चावतही नाही.

खरा प्रश्न गिऱ्हाइकाचा. खाद्यात मासळीची कुटी जादा झाली की मांसाला मासळीचा वास मारतो. एकदा बिथरलेले गिऱ्हाईक परत येत नाही. अळ्यांचे तसे होते का? इटलीत लावा पक्ष्यांना चरबी काढलेली अळीकुटी १५ टक्क्यांपर्यंत खाऊ घातली, तेव्हा चवीत किंवा वासात खोट आढळली नाही. फरक पडला तो चरबीत. खोबरेल तेलात असते तेच लॉरिक आम्ल या अळीत भरपूर असते, ते मांसात उतरते आणि आरोग्याला बरी समजली जाणारी पातळ चरबी घटते. तुरिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रॉयलरला ५, १० व १५ टक्के कुटी दिली. कुटी वाढत गेली तसे छातीचे मांस जरा लालसर झाले, पिवळेपणा कमी झाला. १५ टक्क्यांना मात्र आतड्याची रचनाच बिघडू लागली. तेव्हा माझ्या मते दहाच्या पुढे जाऊच नये, आणि सुरुवात पाचानेच करावी.

कुटी विकायला कोणी दारात आला तर आधी विचारा : चरबी काढलेली आहे का? प्रथिने किती? अळ्यांना काय खाऊ घातले? अळी जे खाते तेच तिच्या अंगी लागते. कॅडमियमसारखा विषारी धातू तर ती साठवूनच ठेवते. म्हणून कारखान्याच्या गाळावर किंवा गावच्या कचऱ्यावर वाढवलेला माल तपासणीच्या दाखल्याशिवाय घेऊ नका.

घरीच अळ्या वाढवायचा विचार असेल तर एक हिशेब मांडून ठेवा : शंभर किलो ओल्या अळ्या वाळवल्या की हाती जेमतेम तीस-पस्तीस किलो माल येतो.