घर आपले, छप्पर कोणाचे?

नव्या घराची किल्ली हातात पडली की पेढे वाटायचे, ही आपल्याकडची रीत. इंग्लंडमध्ये नगरपालिकेचे, म्हणजे तिथल्या भाषेत ‘कौन्सिलचे’ घर विकत घेणाऱ्या कुटुंबाची पहिली हौस मात्र वेगळी असे. ते आधी पुढचे दार बदलत. एकाच रंगाच्या दारांच्या रांगेत मध्येच एखादे नक्षीदार दार दिसले की ओळखावे, इथे आता भाडेकरू राहत नाही, मालक राहतो!

दाराचे काम एका दिवसात होते. अडचण पुढे येते, छप्पर गळू लागल्यावर.

वर्षानुवर्षे भाड्याने राहणाऱ्यांना तेच घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० च्या कायद्याने दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थॅचरबाईंनी लंडनमधल्या हॅरोल्ड हिल वसाहतीत एका कुटुंबाच्या हाती घराची कागदपत्रे दिली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चहाही घेतला. जुन्या भाडेकरूला बाजारभावाच्या निम्म्या किमतीपर्यंत सूट मिळू लागली; पुढे फ्लॅटसाठी ती सत्तर टक्क्यांपर्यंत गेली. एकट्या इंग्लंडमध्ये अशी जवळजवळ वीस लाख घरे विकली गेली.

किमतीचा हिशेब सगळ्यांनी केला. दुरुस्तीचा फार थोड्यांनी केला.

भाडेकरू असताना सगळे सोपे होते. भिंती, छप्पर, गटारे, पाण्याचे नळ, घर गरम ठेवणारी यंत्रणा हे सारे नीट ठेवणे घरमालकाचे, म्हणजे कौन्सिलचे काम. कायदाच तसे सांगतो. कौन्सिलला कळवायचे आणि वाट पाहायची. (ती वाट किती लांब असे, हा वेगळाच विषय!) खरेदीचा अर्ज केला म्हणून ही जबाबदारी संपत नाही, कारण सही होईपर्यंत अर्जदार भाडेकरूच असतो. मात्र अर्ज आल्यावर अनेक कौन्सिले निकडीचीच कामे करतात. खरेदीखत झाले, की राहिलेली गळती नव्या मालकाच्या पदरात पडते.

स्वतंत्र घर असेल तर निदान हिशेब सरळ आहे. कौलापासून पायापर्यंत सारे मालकाचे. तरीही फसगत व्हायची ती झालीच. महायुद्धानंतरच्या टंचाईत काँक्रीटचे तयार भाग जोडून हजारो घरे घाईने उभारली होती. त्यातल्या लोखंडाला गंज चढून काँक्रीट तडकते, हे ध्यानात येईपर्यंत बरीच घरे विकली गेली होती. मग अशा घरांवर कोणी कर्ज देईना आणि कोणी ती विकत घेईना. अखेर १९८४ मध्ये खास कायदा करून सरकारला दुरुस्तीच्या खर्चाचा नव्वद टक्के भार उचलावा लागला, किंवा घर परत विकत घ्यावे लागले.

खरा गुंता फ्लॅटचा. फ्लॅट घेणाऱ्याला जमीन मिळत नाही. बहुधा १२५ वर्षांचे लीज मिळते. आतला गिलावा, स्वयंपाकघर, न्हाणीघर त्याचे. छप्पर, जिना, लिफ्ट आणि बाहेरच्या भिंती कौन्सिलच्याच राहतात. बऱ्याच लीजमध्ये खिडकीची काच मालकाची आणि चौकट कौन्सिलची असते! दुरुस्ती कौन्सिल करते आणि खर्चाचा वाटा फ्लॅटमालकाकडून घेते. तळमजल्यावरच्यालाही छपराचा वाटा चुकत नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सवरून भांडणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की इथे कंत्राट कोणाला द्यायचे हे सभासद ठरवत नाहीत.

न्यूकी या समुद्रकाठच्या गावात कौन्सिलच्या इमारतीतल्या फ्लॅटची मालकीण असलेल्या ९३ वर्षांच्या फ्लोरी नावाच्या आजीबाईंना छप्परदुरुस्तीचे सुमारे पन्नास हजार पौंडांचे बिल आले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या बिलाची देशभर चर्चा झाली आणि २०१४ मध्ये ‘फ्लोरीचा कायदा’ म्हणून ओळखला जाणारा नियम आला. लंडनमध्ये पाच वर्षांत पंधरा हजार पौंड आणि इतरत्र दहा हजार, याहून जास्त वसुली नाही. पण ही मर्यादा केंद्र सरकारच्या ठरावीक मदतीतून होणाऱ्या कामांपुरतीच आहे. कौन्सिलने स्वतःच्या पैशाने छप्पर घातले तर तिचा उपयोग नाही.

उपयोगी पडतो तो जुनाच कागद. विक्रीपूर्वी कौन्सिलला कलम १२५ ची नोटीस द्यावी लागते. तीत किंमत असते, माहीत असलेले बांधकामातले दोष असतात, आणि फ्लॅट असेल तर पहिल्या पाच वर्षांत निघणाऱ्या कामांचा अंदाजी खर्चही असतो. त्या पाच वर्षांत, महागाईची वाढ सोडली, तर नोंदवलेल्या कामासाठी त्या आकड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. म्हणूनच शहाणा खरेदीदार सवलतीच्या आकड्याआधी ही यादी वाचतो आणि स्वतःचा सर्व्हेअर बोलावतो. सहाव्या वर्षी हे कवच गळून पडते आणि पुष्कळदा मोठी कामे नेमकी तेव्हाच निघतात.

त्यानंतरही हात अगदीच बांधलेले नसतात. एका फ्लॅटमागे अडीचशे पौंडांहून जास्त खर्चाचे काम असेल तर आधी नोटीस देऊन रहिवाशांचे म्हणणे मागवावे लागते. ते न करता काम उरकले आणि न्यायाधिकरणाने सूट दिली नाही, तर अडीचशेच्या वर वसूल करता येत नाही. बिल अवाजवी वाटले तर त्याच न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

स्कॉटलंडने ही विक्री २०१६ मध्ये बंद केली, वेल्सने २०१९ मध्ये. इंग्लंडने नोव्हेंबर २०२४ पासून सूट बरीच कमी केली. विकलेल्या फ्लॅटांपैकी कितीतरी आता तिसऱ्याच माणसाच्या मालकीचे आहेत आणि भाड्याने दिलेले आहेत. तिथला भाडेकरू नळ गळला की मालकाला फोन करतो, आणि छप्पर गळले की मालक कौन्सिलला.