पायी यात्रा : पायांचे चढउतार आणि मनाचे



भाताची कापणी-मळणी उरकत आली, की बेळगाव, खानापूर, कारवार, सिंधुदुर्ग या भागांतल्या आपल्या लोकांत बोलणी सुरू होतात : यंदा जुन्या गोव्याला पायी कोण कोण जाणार? ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना सुरू होते आणि त्या दिवसांत ठिकठिकाणाहून जथे बॉम जेझूच्या बॅसिलिकेकडे चालू लागतात. कुणी नवस फेडायला जातो, कुणी मागणे मागायला, कुणी नुसते आभार मानायला.

निघण्यापूर्वी मुक्कामाची आणि जेवणाची चौकशी सगळेच करतात. वाटेत आपले शरीर कसे वागेल आणि मन कसे वागेल, याची चौकशी फार थोडे करतात. म्हणून या वेळी या पानावर तोच विषय घेतला आहे. लांबच्या पायी वाटेवर दुखणे, चिडचिड, रडू, आनंद हे बहुधा ठरावीक क्रमाने येतात. हे आधी ठाऊक असले म्हणजे माणूस घाबरत नाही. कोणते दुखणे सोसावे आणि कोणत्या दुखण्यापुढे थांबावे, हेही त्याला कळते.

शेतकऱ्याला चालण्याचे काय?

असे पुष्कळ जण म्हणतात. दिवसभर शेतात राबणाऱ्याला चालण्याची भीती कसली? पण शेतातले चालणे वेगळे आणि रस्त्यावरचे वेगळे. शेतात माती मऊ असते. आपण वाकतो, उठतो, बांधावर टेकतो, पाणी पितो. पायाला सतत बदल मिळतो. डांबरी रस्ता कठीण असतो आणि त्यावर एकाच तऱ्हेचे पाऊल तासन् तास पडत राहते. दिवसाला २५ किलोमीटर चालले, तर साधारण ३५,००० पावले होतात आणि प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो.

बैलाला पत्री मारल्याशिवाय आपण लांबच्या वाटेला काढत नाही. महिनाभर गोठ्यात बसलेला बैल एकदम गाडीला जुंपत नाही. तोच विचार स्वतःसाठी करावा. निघण्याच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस रस्त्यावर चालावे. तास-दीड तासापासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी लागोपाठ दोन दिवस लांब चालून पाहावे. एका दिवसाच्या चालण्यात न कळलेल्या गोष्टी दुसऱ्या सकाळी कळतात. नवी चप्पल किंवा नवे बूट यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा कधीच घालू नयेत.

दुसरा आणि तिसरा दिवस

पहिला दिवस उत्साहात जातो. गाणी होतात, जपमाळ होते, मंडळी एकमेकांच्या पुढे धावतात. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असते. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्याचे दुखणे लगेच न येता २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते. ते आपोआप ओसरते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या आणि पोटऱ्या लाकडासारख्या वाटल्या, तर आपले काही मोडले असे समजू नये. हळूहळू चालू लागावे. अर्ध्या-पाऊण तासात अंग मोकळे होते.

हे दुखणे चढापेक्षा उताराने अधिक येते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. चढताना दम लागतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतो, म्हणून त्याला जास्त इजा होते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने साखळीकडे उतरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. घाटात पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकवलेले असावेत, हातात काठी असावी. वेळ भरून काढण्यासाठी उतारावर धावू नये.

वेगाचे माप सोपे आहे. 'नमो मरिया' मोठ्याने म्हणताना दम लागत नाही, तो आपला वेग. दम लागू लागला की वेग जास्त झाला. आपले शेजारी वारकरी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर जातात, पण त्यासाठी जवळजवळ वीस दिवस घेतात. सरासरी काढली तर दिवसाला बारा-तेरा किलोमीटर पडतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या लोकांचे हे शहाणपण आहे. आपल्याला रजेचे दिवस कमी असतात, हे खरे. पण मग निदान एक दिवस वाढवून घ्यावा.

फोड

जुवाने बैलाचा खांदा जसा येतो, तसाच आपल्या पायाला फोड येतो. घर्षण आणि ओल ही दोन कारणे. ओली कातडी लवकर सरकते, तिचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी साठते. यावर उपाय फोड येण्यापूर्वीच करावा. नखे आधीच आखूड कापावीत. मोजे भिजले की बदलावेत. दोन जोड जवळ असावेत. दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटे बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर धरावेत. टाचेला किंवा बोटाला चुरचुर सुरू झाली, की लगेच थांबून तिथे औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावावी. 'पुढच्या मुक्कामाला बघू' म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या मुक्कामापर्यंत फुटलेला असतो. मांड्या घासून सोलवटतात त्यांनी सकाळीच व्हॅसलिन लावावे.

लहान फोड फोडू नये. फार मोठा, टेकू न देणारा फोड असेल, तर साबणाने हात-पाय धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढावे. वरची कातडी मात्र तशीच ठेवावी, तीच त्याची पट्टी. फोडाभोवती लाली पसरू लागली, पू झाला, पायावर वरपर्यंत लाल रेघ दिसली किंवा ताप आला, तर चालणे बंद करून डॉक्टरांकडे जावे.

मधुमेहाच्या माणसांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. या रोगात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळून बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून त्यांनी अनवाणी चालू नये, फोड स्वतः फोडू नये, रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहावेत किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. चालण्याने रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात थरथरू लागले, डोके गरगरले, तर लगेच साखर किंवा गूळ खावा. इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस यात्रेच्या दिवसांत किती घ्यावा, हे आधीच डॉक्टरांना विचारावे.

पाणी आणि गोळ्या

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. पण घामावाटे मीठही जाते, म्हणून दिवसभर नुसते पाणी पोटात ओतणेही बरे नाही. जलसंजीवनीचे पुडे जवळ ठेवावेत. पुडा नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडत आहे. ती काळ्या चहासारखी झाली तर चालणे थांबवून इस्पितळ गाठावे.

बायका वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीने हैराण होतात. ही गोष्ट लाजेने कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही इथे लिहीत आहोत. जथ्याच्या प्रमुखांनी मुक्कामाइतकीच याचीही सोय आधी ठरवावी.

अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या लोक खिशात घेऊन निघतात. उपाशीपोटी घेतल्यास त्या पोटाला बाधतात आणि अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाला. गोळी घेऊन दुखणे दाबायचे आणि तसेच चालत राहायचे, ही रीत चांगली नव्हे.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंग तापून बरळणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसले, तर प्रार्थना चालू ठेवावी, पण गाडी आधी बोलवावी.

अंधारात चालताना अंगावर चकाकणारी पट्टी असावी, पुढच्या आणि मागच्या माणसाच्या हातात दिवा असावा. एका ओळीत, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे. झोपेची पेंग येणाऱ्याने रस्त्यावर चालूच नये.

मनाचे चढउतार

शरीराइतकेच मनही हेलकावे खाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्षुल्लक गोष्टींवरून भांडणे होतात. चहा कुणाला आधी मिळाला, जपमाळ कुणी फार भरभर म्हटली, सामान कुणी उचलले नाही. 'मी कशाला आलो' असा विचार येतो. पुष्कळदा याचे मूळ स्वभावात नसून अपुऱ्या झोपेत, दुखऱ्या पायांत आणि रिकाम्या पोटात असते. अशा वेळी उपदेश करू नये. त्या माणसाला सावलीत बसवावे, गोड चहा आणि भाकरी द्यावी, अर्धा तास पडू द्यावे.

आणखी एक गोष्ट घडते. घरी आपण कामात बुडालेले असतो. वाटेवर हातांना काम नसते आणि मन मोकळे होते. मग वर्षांमागे गेलेले मूल, भावाशी तुटलेला संबंध, फेडायचे कर्ज, असे दडपून ठेवलेले सगळे वर येते. धडधाकट पुरुष चालता चालता रडू लागतात. हे वेड नव्हे आणि कमकुवतपणाही नव्हे. जवळच्याने नुसते सोबत चालावे. बोलावेसे वाटले तर ऐकून घ्यावे. ज्याला कुमसार करायचा असेल, त्याला तो करण्याची संधी द्यावी.

पवित्र शास्त्रात, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, एलिया संदेष्ट्याची हकीकत आहे. जीव वाचवायला पळालेला, थकलेला एलिया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला रागावत नाही. तो झोपलेल्या एलियाला उठवून भाकरी आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. त्यानंतर त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस-रात्र चालून देवाच्या डोंगरापर्यंत जातो. आधी झोप आणि भाकरी, मग पुढची वाट, हा क्रम जथ्याच्या प्रमुखांनी ध्यानात ठेवावा.

नवसाचे काय?

'पायी येईन' असा नवस बोललेला असतो आणि वाटेत पाय साथ देत नाही. गाडीत बसलो तर नवस मोडेल, संत कोपतील, या धास्तीने माणसे सुजलेल्या पायांनी ओढत जातात. आमच्या मते याच धास्तीने सर्वांत जास्त नुकसान होते.

ख्रिस्तसभेचे म्हणणे इतके कठोर नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतल्या ११९६ व्या कलमाप्रमाणे योग्य कारण असेल आणि दुसऱ्या कुणाच्या हक्काला बाध येत नसेल, तर खाजगी नवसातून मोकळीक देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आहे. ११९७ व्या कलमाप्रमाणे नवस बोलणारा माणूस स्वतःच त्याच्या जागी तितकेच किंवा त्याहून चांगले सत्कृत्य करू शकतो. तेव्हा आजारी, वृद्ध, गरोदर माणसांनी निघण्यापूर्वीच फादरांशी बोलून घ्यावे. वाटेत अडचण आली तर फोन करून विचारावे.

संत फ्रान्सिस झेवियर स्वतः मोठे चालणारे होते. १५३६ च्या नोव्हेंबरात ते सोबत्यांसह पॅरिसहून निघाले आणि थंडी-बर्फातून पायी चालत १५३७ च्या जानेवारीत व्हेनिसला पोहोचले. त्यांच्या जुन्या चरित्रांत सांगतात, की या वाटेवर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून अंगाला दोऱ्या घट्ट आवळून बांधल्या होत्या. त्या सुजलेल्या मांसात रुतल्या आणि त्यांना पाऊल टाकता येईना. तेव्हा त्यांना मागे सोडून कुणी पुढे गेले नाही. सोबती थांबले, त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांना बरे वाटल्यावरच सगळे मिळून पुढे निघाले. सोबत्यासाठी थांबणे हेही यात्रेतच मोडते.

पोहोचल्यावर आणि परतल्यावर

बॅसिलिका दिसताच कुणाच्या डोळ्यांना धारा लागतात, तर कुणाला काहीच वाटत नाही. गर्दी, रांग, ऊन आणि थकवा यांत मन सुन्न होते. तसे झाले म्हणून श्रद्धा कमी पडली असे मानू नये. पुष्कळांना यात्रेचा अर्थ घरी गेल्यावर उमगतो.

परतल्यावर दोन-चार दिवस उदास, रिकामे वाटते. सोबत सुटलेली असते, रोजचे प्रश्न दारात उभे असतात. आल्या आल्या पोती उचलणे, नांगर धरणे टाळावे. दोन दिवस हलके काम करावे, पोटभर जेवावे, लवकर निजावे. फोड आणि जखमा भरून येईपर्यंत शेणा-चिखलात अनवाणी उतरू नये. धनुर्वाताची सुई कधी घेतली हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. उदासी दोन-तीन आठवड्यांनंतरही हटली नाही, तर डॉक्टरांशी आणि फादरांशी बोलावे.

आणि वाटेवर ज्यांच्याशी भांडलो, ज्यांनी आपल्या फोडाला पट्टी लावली, त्यांच्या घरी एकदा जाऊन यावे.

यंदा निघणाऱ्या सर्वांना आमच्या शुभेच्छा. सावकाश चाला, एकमेकांना सांभाळा आणि सगळे जण धडधाकट घरी परत या.