अरुंद जागेतलं ऑपरेशन

फर्स्ट इयरला वर्कशॉपमधल्या फिटिंगच्या जॉबला आपण सगळ्यांनीच शिव्या घातल्या आहेत. खोल, अरुंद खाचेत फाइल नीट चालत नाही, आणि चाललीच तर नको तिथे घासते. आता समजा, त्या खाचेच्या तळाशी कॅन्सर झालेली प्रोस्टेट ग्रंथी आहे आणि ती अख्खी बाहेर काढायची आहे.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांमधली अक्रोडाएवढी ग्रंथी. वर मूत्राशय, पुढे जघनाचं हाड, मागे गुदाशय, आणि ग्रंथीच्या मधून मूत्रमार्ग जातो. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी हा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला होता, म्हणून हे ज्ञान विसाव्या वर्षी!) सर्जन ग्रंथी काढतो आणि मूत्राशय उरलेल्या मूत्रमार्गाला शिवतो. ग्रंथीच्या दोन्ही अंगांना लैंगिक क्षमतेचे मज्जातंतू चिकटून जातात. ते जाणीवपूर्वक वाचवण्याची पद्धत बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये सुरू केली. पण खेळ मिलिमीटरचा आहे. ग्रंथीच्या फार जवळून कापलं तर कॅन्सर मागे राहू शकतो, लांबून कापलं तर मज्जातंतू जातात, आणि खालच्या टोकाशी चूक झाली तर लघवीवरचा ताबा.

आणि ही खाच सगळ्यांची सारखी नसते. अमेरिकेत एमआरआयवर मापं घेतली तेव्हा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ही जागा गोऱ्या रुग्णांपेक्षा सरासरीने अरुंद आढळली. तिथे कृष्णवर्णीय पुरुषांचं या कॅन्सरने मरण्याचं प्रमाणही गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की वाटतं, सापडलं कारण! मलाही तसंच वाटलं होतं.

पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे. रुंद कमरेचे कृष्णवर्णीय आणि अरुंद कमरेचे गोरे भरपूर आहेत. शिवाय २०१९ मध्ये तीन लाखांहून जास्त रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात ऑपरेशनवाले होते तसे रेडिएशनवालेही होते. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत आणि क्लिनिकल ट्रायल्समध्ये, जिथे उपचार सगळ्यांना बऱ्यापैकी सारखे मिळतात, तिथे रोगाची अवस्था वगैरे जुळवून पाहिल्यावर कृष्णवर्णीय रुग्ण या कॅन्सरने जास्त मेले नाहीत. कृष्णवर्णीयांमध्ये हा रोग जास्त होतो हे खरं, पण झाल्यावरचा फरक तिथे उरला नाही. हाडं तीच, दवाखाना वेगळा!

मग फरक कशाने पडतो? २००७ मध्ये ७२ सर्जन्सच्या ७,७६५ ऑपरेशन्सचा हिशेब प्रसिद्ध झाला. आधी १० ऑपरेशन्स केलेल्या सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत कॅन्सर परतण्याची शक्यता १७.९ टक्के होती, आणि २५० केलेल्याच्या रुग्णांत १०.७. आता रोबोट आलाय, त्याची मनगटं अरुंद जागेत मस्त वळतात, पण ती वळवणारा हात माणसाचाच.

हे सगळं मी वाचलं ते मोठ्या काकांमुळे. त्यांचं हेच ऑपरेशन ठरलंय. बाबांना फोन करून सांगितलं, डॉक्टरांना विचारा, तुम्ही आजवर अशी किती केलीत? बाबा म्हणाले, असं तोंडावर विचारतात का कुणी? शेवटी काकांनीच विचारलं. डॉक्टर हसले म्हणे, आणि म्हणाले, तीनशेच्या वर. मग एमआरआय स्क्रीनवर लावून अर्धा तास काकांना त्यांची स्वतःची खाच दाखवत बसले.