कपाळावरचं लिहिलेलं आणि मशीनचा पट्टा

मराठी कथेत मृत्यू आणि नियती म्हटलं की पहिलं नाव निघतं जी. ए. कुलकर्णींचं (१९२३-१९८७). धारवाडला इंग्रजी शिकवणारा, माणसांपासून लांब राहणारा हा लेखक. हॉस्टेलवर ‘जीएं वाचले का?’ असं विचारणारे पुष्कळ, वाचलेले थोडे!

त्यांची ‘पिंगळावेळ’ (१९७७) मधली ‘स्वामी’ ही कथा घ्या. एका प्रवाशाची शेवटची बस चुकते. परक्या गावात एक महंत त्याला मठात नेतो, आदरातिथ्य करतो आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचा कोंडून ‘स्वामी’ करून टाकतो. जेवण वेळेवर, सगळी सोय चोख, फक्त बाहेर जायचं नाही. या माणसाचा गुन्हा काय? काहीच नाही. बस पाच मिनिटं उशिरा सुटली असती तर कथाच घडली नसती. पण तो नुसता रडत बसत नाही. एक वेल वाढवतो आणि तिला उजेडाकडे जाऊ देतो. मरण टळत नाही, पण ते कसं घ्यायचं हे तो स्वतः ठरवतो. मला जीएंचा नायक इथे सगळ्यात मोठा वाटतो.

आता इंग्रजीतली डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’. माकडाच्या मंतरलेल्या पंजाकडे म्हातारा बाप दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो : पोरगा मशीनमध्ये सापडून गेला. कंपनी म्हणते जबाबदारी आमची नाही, तरी भरपाई देतो. किती? दोनशे पौंड. सगळे वाचक त्या पंजाला घाबरतात. मी मेकॅनिकलचा, माझं लक्ष त्या मशीनवरच अडकलं. तिला गार्ड होता का? लेखक सांगत नाही, कारण त्याला नशिबाची गोष्ट सांगायचीय.

हे सुचायला कारण आहे. आमच्या नगर जिल्ह्यात, माझ्या गावी, मळणी यंत्राच्या पट्ट्यात एका मजुराचा हात गेला. पारावर सगळे म्हणाले, ‘कपाळात होतं, काय करणार!’ पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती, कारण ती लावली की पट्टा बदलायला वेळ लागतो. जाळीबद्दल कुणी बोललं नाही. ‘नशीब’ म्हटलं की पुढचे प्रश्न बंद, आणि मालकाचीही सुटका.

म्हणून जीएंच्या शेजारी बाबूराव बागूल ठेवून वाचावेत. त्यांच्या १९६९ च्या संग्रहाचं नावच ‘मरण स्वस्त होत आहे’. मुंबईच्या झोपडपट्टीतली ही माणसंही जीएंच्या माणसांसारखीच चिरडली जातात. पण चिरडणाऱ्याला इथे नाव-पत्ता आहे : जात, भूक, शहर. जीएंकडे ‘का?’ला उत्तर नाही, बागुलांकडे ते तोंडावर मारलेलं आहे. कुणी म्हणेल बागुलांची भाषा भडक आहे. असेल. पण पारावरच्या त्या माणसांना मी आधी बागूलच वाचायला देईन.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी ‘रमलखुणा’ आधी हातात घेऊ नये. त्यात दोनच, पण भल्या मोठ्या कथा आहेत, दम लागतो. ‘स्वामी’ एका रात्रीत होते. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र नको.