घरातली वीज : लेखांक ५ – शॉक आणि विजेचे आवरण

विजेचा शॉक बसायला दोन टोके लागतात. एक टोक फेजच्या तारेला, दुसरे न्यूट्रलला किंवा जमिनीला, आणि मधला तुकडा माणसाचे शरीर. रोहित्राचा, म्हणजे बोलीभाषेतल्या डीपीचा, न्यूट्रल मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे फेजला लागलेल्या हातातून शिरलेला प्रवाह पायांतून जमिनीत उतरतो आणि मातीतूनच रोहित्राकडे परततो. उघड्या तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. मोठी वटवाघळे मात्र पंख पसरून दोन तारांना एकदम शिवतात आणि तिथेच लटकलेली दिसतात.

किती प्रवाह वाहील हे वाटेतल्या रोधावर ठरते. कोरड्या, जाड कातडीचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम २ मिलिअँपिअर जातात, हात झिणझिणतो आणि माणूस शिवी हासडून बाजूला होतो. तीच कातडी घामाने किंवा पाण्याने भिजली की रोध हजार ओहमच्या आसपास येतो आणि प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात. बोटे मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरकस असल्याने मूठ तारेवर आवळली जाते. ‘करंटने धरून ठेवले’ म्हणतात ते हेच. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरत राहते. वायरमनच्या खिशातला टेस्टर याच हिशेबावर चालतो. तो पेटतो तेव्हा प्रवाह खरोखरच वायरमनच्या अंगातून जात असतो. पण आतल्या सुमारे दहा लाख ओहमच्या रोधामुळे तो एका मिलिअँपिअरचा अंशच उरतो आणि जाणवत नाही.

आवरणाचे काम म्हणजे वाटेत असाच, पण कितीतरी मोठा रोध घालणे. तांब्यातले काही इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. रबर, पीव्हीसी, चिनी माती यांतले आपापल्या अणूंना घट्ट बांधलेले असतात. ही बांधणी अभंग नाही. व्होल्टेज पुरेसे वाढले तर कोणतेही आवरण फुटते. कोरडी हवासुद्धा दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टला हार मानते, म्हणून उच्चदाबाच्या तारेला न शिवताही नुसते जवळ जाणे जिवावर बेतते.

खांबावरच्या तारा बहुधा उघड्याच असतात; त्यांचे आवरण म्हणजे भोवतालची हवा आणि आधाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर. त्यांच्या झालरी शोभेच्या नसतात. पावसात वरचा भाग भिजला तरी झालरीखालचा कोरडा राहतो, शिवाय पृष्ठभागावरून सरकणाऱ्या विजेची वाट लांबते. उन्हाळाभर साचलेली धूळ वळवाच्या पहिल्या शिडकाव्यात ओली होते, तिचा वाहक लेप बनतो आणि ठिणगी पडून लाइन जाते. धो-धो पाऊस त्यामानाने बरा, तो धूळ धुऊन टाकतो. कोकणकिनाऱ्यावर धुळीच्या जोडीला खारा वारा असतो.

घरातल्या तारेचे पीव्हीसी हळूहळू मरते. साधारणपणे ते ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असते. जुन्या वायरिंगवर गीझर आणि एसी चढले की तार तापते, पीव्हीसी कडक होऊन तडकते. उंदीर ते कुरतडतात, ऊन ते ठिसूळ करते. सर्वांत वाईट म्हणजे घासणे. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या धारेवर टेकलेली असते. प्रत्येक वाऱ्यात ती जराशी हलते, आवरणावर आधी चरा पडतो, मग तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियम पत्र्याला लागते. लाकडी वाश्यांवरच्या कोरड्या पत्र्याला जमिनीची वाट नसल्याने फ्यूज उडत नाही, काहीच कळत नाही. त्याच पत्र्याला बांधलेल्या तारेवर कुणी ओले धुणे वाळत घालते, पाय चिखलात अनवाणी असतात, आणि राहिलेले दुसरे टोक जुळते. सोडवायला धावलेल्यालाही म्हणूनच शॉक बसतो; घरातला मेन स्विच बंद करून इथे भागत नाही, कारण सर्व्हिस वायर त्याच्या आधीच येते; वीज खांबाकडूनच तोडावी लागते, ते जमलेच नाही तर कोरडी लाकडी काठी.

आवरण फसेल हे धरूनच पुढची सोय केलेली असते. फ्रीजच्या धातूच्या अंगाला अर्थिंगची हिरवी तार जोडतात. फेज अंगाला लागला की भरपूर प्रवाह त्या वाटेने जाऊन फ्यूज उडतो. हातातल्या ड्रिल मशिनवर चौकोनात चौकोन अशी खूण असली तर तिथे आवरण दुहेरी असते, अर्थिंग लागत नाही. फ्यूज किंवा एमसीबी मात्र माणसासाठी नसतात, ते तारेला वाचवतात. १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसातून जाणारा पाव अँपिअर खिजगणतीतही नसतो. ते काम आरसीसीबी करते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते आणि फरक ३० मिलिअँपिअर होण्याच्या आत-बाहेर, सेकंदाच्या अंशात वीज तोडते. मात्र कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर गेले तेवढेच परत येते. आरसीसीबीच्या लेखी तो माणूस आणि बल्ब सारखेच. ती पडत नाही.