सुतारांचे मंडळ काढायचे, तर आधी वही काढा

हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) येथील आमच्या कापड दुकानामागच्या कोठीत एक रंधा मशीन गोणपाट पांघरून पडली आहे. पट्टा तुटलेला, पाती गंजलेली. गिऱ्हाइकासाठी थान काढायला आत गेलो की ती दिसते आणि आम्हाला आमच्याच वहीखात्याची लाज वाटते. आयुष्यभर मापाचा आणि हिसाबाचा धंदा केला, पण चार कारागिरांच्या एका सामायिक कामाचा हिसाब आम्हाला ठेवता आला नाही.

हकीकत अशी. 2014 साली गावातले चार सुतार आणि आम्ही दोघे व्यापारी यांनी मिळून ही मशीन जुन्या मालाच्या बाजारातून घेतली. सुतारांत दोघे मुसलमान, दोघे हिंदू. चौघांचे दुखणे मात्र एकच होते. मराठवाड्यातला सुतार पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या औतावर जगला. बाभळीची तिफण, वखर, कुळव, गाडीची चाके. वर्षभर दुरुस्ती करायची आणि सुगीला खळ्यावरून बलुत्याचे धान्य आणायचे. ट्रॅक्टर आला आणि औत गेले. उरली दारे-चौकटी, तर तीही शहरातून तयार येऊ लागली. हातरंध्याने दिवसभर फळी तासणारा माणूस मशीनच्या मालाशी भावात टिकणार कसा? एकट्याला मशीन परवडत नाही, म्हणून सगळ्यांत मिळून एक. आठवडाभर ज्याने त्याने आपले काम करायचे आणि शुक्रवारी असरनंतर गावाचे काम करायचे, असे ठरले. लिहून काही ठेवले नाही. आपसांत लिखापढी कशाला, असे म्हणणारे आम्हीच होतो.

पहिले काही महिने फार छान गेले. मशिदीला चपलांचा रॅक झाला. मय्यतीच्या गुसलाचा तख्त डगमगत होता, तो नवा झाला. मग शाळेचे मोडके बाक आले. एक आले, दहा आले, मग शेजारच्या वस्तीतूनही निरोप आला. मंडळी वाहवा करीत होती, आणि खरे सांगायचे तर वाहवा आमच्या वाट्याला जास्त येत होती, कारण लोकांच्या लेखी हे काम शेठजींचे होते. शुक्रवारची संध्याकाळ कधी शनिवारपर्यंत गेली आणि शनिवार कधी बुधवारपर्यंत, ते कळले नाही. एके दिवशी त्यांतले वयाने मोठे उस्ताद दुकानात येऊन बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "शेठ, सवाबाचं काम म्हणून सहा दिवस बिनमजुरीचं केलं. सातव्या दिवशी घरी पीठ नव्हतं. हे कुणाला सांगू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही लाकडाचे पैसे दिले होते, ते आमच्या वहीत होते. उस्तादांचे सहा दिवस कुठल्याच वहीत नव्हते.

त्यानंतर महिन्याभरातच अपघात झाला. त्यांचा शागीर्द, नुकताच अठरा पूर्ण झालेला, सैल बाह्यांचा कुर्ता घालून मशीनवर उभा होता. बाही ओढली गेली, पाठोपाठ हात. उजव्या हाताची दोन बोटे गेली. नांदेडच्या दवाखान्याचा खर्च कुणी द्यायचा, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा निघाला. थोडे आम्ही दिले, थोडा चंदा झाला, उरलेले त्याच्या आईने दागिना मोडून भरले. कुर्त्याचे ते कापडही आमच्याच दुकानातले होते. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे होते, कारण भांडणानंतर समेट तरी होतो. इथे एकेक जण यायचा थांबला आणि मशीनवर गोणपाट पडले.

आता जे सांगायचे आहे ते या अनुभवाच्या पुढचे आहे. असे सामायिक सुतारकाम जगत नाही, असे मात्र कुणी समजू नये. फार दूर जायला नको. नांदेडहून भोकर, भैंसा ओलांडून गेले की निर्मल लागते. आज ते तेलंगणात आहे, पण 1948 पर्यंत आपण आणि ते एकाच निजामी राज्यात होतो. तिथले नक्काश कारागीर पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची खेळणी करतात. अवयव वेगवेगळे कोरतात, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जोडतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात आणि मग रंगवतात. 1950 च्या दशकात या कारागिरांची सहकारी संस्था झाली. काम करण्याची जागा एक, मालाची विक्री संस्थेमार्फत. अडचणी त्यांनाही आहेत. पोणिकीची झाडे जंगलात कमी झाली आणि नवी लावावी लागत आहेत. पण घराघरातला एकटा नक्काश दलालाच्या दारात उभा राहिला असता, त्याऐवजी संस्थेच्या नावावर माल विकला गेला. वहीत कुणाचे किती काम, हे लिहिलेले असते म्हणूनच ते शक्य होते.

दुसरी गोष्ट वर्ध्याची. उर्दू शाळेत आम्ही डॉ. झाकिर हुसैन यांचा धडा वाचला होता. राष्ट्रपती झाले एवढेच लक्षात राहिले. ते हैदराबादेत जन्मले आणि ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते, हे पुढे कळले. मुलांना हुनराच्या द्वारे शिकवावे, ही गांधीजींची कल्पना. समितीने सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही त्या हुनरांत धरले. मुलांच्या हातून होणाऱ्या मालातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशी परिषदेची अपेक्षा होती. समितीने आपल्या अहवालात मात्र बजावले की कमाईवर फार जोर दिला तर शिक्षण मागे पडेल. आम्ही त्याच्या उलट टोकाला चुकलो. कमाईचे नावच घेतले नाही, आणि शिक्षणही झाले नाही. त्या पोराला बाही वर करायला कुणी शिकवले होते?

ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून 'मेन्स शेड' नावाची ठिकाणे निघाली. निवृत्त, एकटे पडलेले पुरुष एकत्र येऊन सुतारकाम करतात, शाळेचे बाक, मुलांची खेळणी बनवतात. 2007 मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली आणि आज तिथे हजाराहून जास्त शेड आहेत. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करीत नाहीत, शेजारी उभे राहून काम करताना करतात, असे ते मानतात. आमच्या शुक्रवारांतही असेच होते. कुणाची मुलगी नांदायची राहिली, कुणाचे कर्ज थकले, हे आम्ही रंध्याच्या आवाजातच ऐकले. पण तिथल्या माणसाच्या पोटाची सोय बहुधा पेन्शनने झालेली असते. आपल्या सुताराची रोजी त्याच रंध्यात आहे. तिकडची नक्कल करणाऱ्याने हा फरक विसरू नये.

मग करावे काय? आमच्या मते आधी वही काढावी आणि मशीन नंतर घ्यावी. गावाच्या प्रत्येक कामाला खाते उघडावे: लाकूड इतके, खिळे-सरस इतका, मजुरीचे दिवस इतके, दर इतका. कारागिराला मजुरी सोडायची असेल तर त्याने जमा करून घेऊन मग दान म्हणून लिहावी. मुतवल्लीसाहेब असोत की मुख्याध्यापक, त्यांना कागद दाखवावा की हा बाक तुम्हाला इतक्याला पडला असता. लोक देतात. न मागितलेले मात्र कुणी देत नाही, हे दुकानदाराला वेगळे सांगायला नको.

त्याच वहीत विजेचे, पाती परजण्याचे आणि दवाखान्याचे असे वेगळे खाते हवे. प्रत्येक कामातून थोडी रक्कम तिकडे टाकावी. मशीनवर कुर्ता, मफलर, अंगठी, हातमोजे काही नको. बाह्या कोपराच्या वर. भुशाला क्षुल्लक समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे, विशेषतः नाकाच्या. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क घ्यावा.

नोंदणी करायची तर संस्थेसाठी किमान सात माणसे लागतात आणि सहकारी संस्थेसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा. माल विकायचा असेल तर दुसरी वाट बरी. 17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. (तारीख आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाची.) तिच्यात 18 धंदे असून सुतार पहिल्यांत आहे. जातीची वा धर्माची अट नाही, हाताने काम करणारा कारागीर हवा. मूलभूत प्रशिक्षणात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना ठरली. एका कुटुंबातून एकालाच लाभ, ही अट मात्र आहे. म्हणजे अवजारे ज्याची त्याच्या नावावर आणि मोठी मशीन मंडळाच्या नावावर, अशी वाटणी सोयीची पडेल. अर्ज करण्यापूर्वी सेवा केंद्रात त्या दिवशीचे नियम विचारून घ्यावेत, दलालाला पैसे देऊ नयेत.

हे सारे आम्ही लिहीत आहोत, कारण गेल्या ईदच्या आधी तो शागीर्द दुकानात आला होता. आता तो मोठा झाला आहे, लग्न झाले आहे, तीन बोटांच्या हाताने पटाशी धरतो आणि आमच्यापेक्षा सरळ रेघ मारतो. मुलासाठी कापड घेतले. पैसे देताना म्हणाला, "चाचा, कोठीतली मशीन अजून आहे ना?" आहे म्हटले. आत गेला, गोणपाट उचलले, आणि जाताना पट्ट्याचा नंबर हाताच्या तळव्यावर लिहून घेऊन गेला. आम्ही त्याच दुपारी एक कोरी वही काढून ठेवली. पहिल्या पानावर उस्तादांचे सहा दिवस लिहिले आहेत, 2014 च्या दराने. ते देणे अजून बाकी आहे.